खाणीचं पाणी आणि आंबिया बहार

सौंसरहून थोडं आत, ताईच्या सासरी, संत्र्याच्या बागेला लागून मँगनीजची एक जुनी खदान होती. काम बंद पडून कैक वर्षं झालेली. मागे उरला होता एक मोठा चौकोनी खड्डा, त्याच्या काठावर दगडमातीचे ढीग, आणि खड्ड्यात काठोकाठ पाणी. पाणी इतकं नितळ, की तळाचा दगड न् दगड दिसावा. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सदरा काढून झाला होता, उडी मारायचीच बाकी होती. तेवढ्यात मागून भाऊजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्यानं, बनियन धरून ओढलं.

"मास्तर, त्या पान्यात एखादा बेंडूक दिसून राहिला का तुले?"

मी वाकून पाहिलं. बेडूक नव्हता, मासा नव्हता, शेवाळाचा ठिपका नव्हता. पाण्यावर घसरत फिरणारे किडे असतात ना, तेही नव्हते.

"नाई."

"मंग जिथं बेंडकाले अक्कल हाय, तिथं तू काहून शिरून राहिला?"

पाणी आंबट होतं. लोखंडी बादली चार-सहा वेळा बुडवली की तिचं बूड पातळ व्हायचं. गुरं काठापर्यंत यायची, हुंगायची आणि परत फिरायची. भाऊजींनी एका उन्हाळ्यात नाइलाजानं दोन ओळींना ते पाणी देऊन पाहिलं होतं, तर पानं कडेकडेनं करपली आणि झाडं वर्षभर रुसून राहिली.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी तेव्हा पांढुर्ण्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो, त्यामुळे पाणी आंबट का, हे मला चटकन सांगता आलं. ढिगाऱ्यातल्या दगडांत सोनमाखी होती, सोन्यासारखी चकाकणारी. तिच्यात गंधक असतं. हवा आणि पाऊस लागला की तिच्यातून आम्ल सुटतं आणि ओघळत खड्ड्यात येतं. समोर फळा असल्यासारखे हातवारे करत मी हे भाऊजींना समजावलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे आंबट हाय. थे त मले मालूम होतं."

विज्ञान तेवढ्यावरच थांबलं असतं आणि सगळ्यांचं भलं झालं असतं. पण त्या साली भाऊजींचा मृग बहार गेला. आमच्या भागात संत्र्याचे दोन बहार. एक मृगाच्या पावसावर फुलतो, दुसरा जानेवारीच्या सुमाराला, त्याला आंबिया म्हणतात. भाऊजींची विहीर बेताची, म्हणून ते कायम मृगावर असायचे. त्या वर्षी पाऊस आला, फुलं लागली आणि मग पावसानं अशी दडी मारली की सगळी फुलं आळ्यात गळून पडली. दसऱ्याला मी सोनं द्यायला गेलो तर भाऊजी ओसरीवर बसलेले आणि ताई आत भांडी जरा जास्तच जोरात आपटत होती.

"बाग काढून राहिले तुझे भाऊजी," ती आतूनच म्हणाली. "कापूस लावतात म्हणे."

"मंग काय करू?" भाऊजी म्हणाले. "फुलत नाई अशा झाडाले पानी पाजत बसू का? आंबिया घ्याव म्हनलं त विहिरीत तेवढं पानी नाई. एक माणूस पाहून ठेवला मी. फेब्रुवारीत येते अन् मुळासकट काढून देते."

ती बाग ताईच्या लग्नाच्या वर्षी लावलेली होती. आळी तिनं स्वतः केली होती, कलमांना पहिले दोन उन्हाळे डोक्यावरून घागरी वाहिल्या होत्या. ती बाहेर आली, माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. तिनं काही म्हटलं असतं तर मी गप्प बसलो असतो. ती बोलली नाही म्हणून मी बोललो.

"पानी त हाय भाऊजी. खदान भरून हाय. थे गोड केलं की झालं."

झालं असं होतं, की त्याच उन्हाळ्यात आम्हा विज्ञान शिक्षकांचं छिंदवाड्याला शिबिर होतं. तिथे बाहेरून आलेल्या एका सरांनी सांगितलं होतं की परदेशात कोळशाच्या खाणींतून निघणारं आंबट पाणी पाणथळ जागेतून सोडतात. तिथे पाणवनस्पती लावलेल्या असतात आणि पलीकडे निघणारं पाणी बरंच सौम्य झालेलं असतं. हे मी ऐकलं होतं. व्याख्यान जेवणानंतर होतं, जेवणात श्रीखंड होतं, त्यामुळे पुढचं मी ऐकलं नव्हतं. पण ओसरीवर बसून मी ते असं सांगितलं की जणू परदेशातल्या त्या दलदलीत मी स्वतः गुडघाभर उभा होतो.

भाऊजींनी तंबाखू मळता मळता विचारलं, "जानेवारीपर्यंत होते?"

"होते," मी म्हणालो.

दिवाळीच्या सुट्टीत कामाला लागलो. खदानीच्या खालच्या अंगाला, उतारावर, भाऊजींनी दोन लांबोळके खड्डे खणून दिले, बैलगाडी उभी राहील एवढे. रबरी नळीनं खदानीचं पाणी दोन्हींत थेंबथेंब सोडायचं होतं. नळी चालू करायला एका टोकाला तोंड लावून ओढावं लागतं. मी ओढलं, जरा जास्तच ओढलं. दोन दिवस मला भाकरीही चावत नव्हती. दात असे आंबले होते की वाऱ्यानंसुद्धा झिणझिण्या यायच्या.

"चव कशी हाय?" भाऊजींनी विचारलं.

"आंबट."

"थे त मले मालूम होतं."

आता वनस्पती. एका खड्ड्यात जलपर्णी लावायची आणि दुसऱ्यात पाणकणीस, असं मी ठरवलं. का ठरवलं, तर याच दोन मला ओळखता येत होत्या. पाणकणीस म्हणजे ते उंच गवत, ज्याच्या टोकाला तपकिरी मखमली दांडा असतो. ते तिगावच्या स्टेशनाजवळ रुळांच्या कडेच्या नालीत भरपूर होतं. मी तिथे गुडघाभर गाळात उतरून गड्डे उपटत असताना इटारसीकडे जाणारी गाडी सिग्नलला थांबली आणि खिडक्या-खिडक्यांतून माणसं बघू लागली. एकानं विचारलं, "क्या ढूँढ रहे हो भैया?" मी म्हणालो, "चप्पल." ते खरंही होतं. तोवर एक चप्पल गाळानं गिळली होती.

जलपर्णी पांढुर्ण्याच्या एका नाल्यातून काढली. दोन पोती भरली, वरून जांभळी फुलं डोकावत होती. नेमका शनिवार. सौंसरची बस जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला निघालेल्या लोकांनी खच्चून भरलेली. माझ्या पोत्यांतलं पाणी गळत गळत शेवटच्या सीटपर्यंत पोहोचलं. शेजारच्या म्हातारीनं एक फूल हातात घेऊन पाहिलं.

"मारुतीले नेऊन राहिले का बापू?"

"नाई आजी, खदानीले."

तिनं फूल पोत्यात परत ठेवलं. मग मायेनं म्हणाली, "मारुतीले रुईचा हार लागते. खदानीले काय लागते, मले नाई मालूम." आणि कंडक्टरला हाक मारून तिनं जागा बदलून घेतली.

लावणी झाली. मी दर रविवारी बसनं यायचो आणि दोन्ही खड्ड्यांभोवती फिरायचो. जलपर्णीची पानं पहिल्या पंधरवड्यातच कडेनं तपकिरी झाली. मी म्हणालो, थंडीनं. पाणकणीस पिवळं पडलं, पण उभं राहिलं. त्याचं उभं राहणंही सोपं नव्हतं, कारण शेजारच्या काकूंच्या म्हशी. काकू विधवा बाई, म्हशींवरच संसार. दुपारच्या उन्हात त्या म्हशींना पाणकणसाच्या खड्ड्याचा शोध लागला. पाणी प्यायच्या नाहीत, पण चिखलात अशा पसरायच्या की अर्धं पाणकणीस त्यांच्या पोटाखाली. मी बोरीच्या काट्या लावल्या. म्हशी काट्या ओलांडून आल्या. मी काठी घेऊन धावलो, तर काकू बांधावरून ओरडल्या, "मास्तर, जनावर हाय थे, मारू नका! तुमचं गवत सोन्याचं हाय का?"

"काकू, हे शास्त्र हाय!"

"मंग शास्त्राले घरी बांधून ठेवा ना बावा!"

डिसेंबरात भाऊजींनी बागेला ताण दिला. ताण म्हणजे झाडाचं पाणी तोडायचं. आळी खणून वरच्या मुळ्यांना ऊन दाखवायचं. पानं मलूल होतात, वळतात, काही गळतात, आणि झाड जिवावर बेतल्यासारखं आत आत काहीतरी साठवत जातं. मग नेमक्या वेळी पाणी दिलं की ते अंगभर फुलतं. वेळ चुकून आधी किंवा फार उशिरा पाणी दिलं तर नुसती पालवी येते. पाणी दिलंच नाही तर झाडच जातं. ताण दिल्यावर माघार नसते. भाऊजींनी ज्या दिवशी ताण दिला त्या दिवशी त्यांनी बागेचा सगळा डाव माझ्या दोन खड्ड्यांवर लावला. हे मला कळत होतं. आणि तरी मला रात्री झोप येत होती, हे आज आठवून नवल वाटतं.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी ताण तोडायचा ठरला. पाणी उपसायचं इंजिन पुसून ठेवलेलं. पट्टा चढवलेला. बागेची पानं द्रोणासारखी वळलेली. मी शाळेतून लिटमसची पुस्तिका आणली होती, लाल कागदाची. निळी संपली होती. आंबट पाण्यात निळा कागद लाल होतो आणि अल्कधर्मी पाण्यात लाल कागद निळा होतो, हे सातवीतलं पोरही सांगेल. म्हणजे लाल कागदानं फार तर एवढं कळलं असतं की पाणी अल्कधर्मी झालंय का. आंबट आहे की गोड, हे त्यानं कळलंच नसतं. पण माझ्या डोक्यात एकच सूत्र बसलं होतं: निळं म्हणजे जिंकलो.

तोवर बांधावर बरेच लोक जमले होते. काकूही होत्या. जमलेल्या लोकांसमोर मला जरा धीर हवा होता, म्हणून मी खिशातली डबी काढली, तंबाखूत चुना घातला, अंगठ्यानं चांगला मळला, गालात धरला आणि मग पुस्तिका उघडली. कागद जलपर्णीच्या खड्ड्यात बुडवला आणि वर धरला. माझ्या बोटांपाशी कागद झकास निळा झाला होता.

"झालं!" मी ओरडलो. "गोड झालं पानी!"

कोणी टाळ्या वाजवल्या. भाऊजी इंजिनाकडे वळले आणि त्यांनी हँडल उचललं. मी तेवढ्यावर थांबलो असतो तर ते पाणी बागेत गेलं असतं. पण माझा स्वभाव आडवा आला. मला कौतुक पुरेनासं झालं.

"आंबट वस्तूत काय होते थेही दाखवतो," मी म्हणालो. "ताई, लिंबू आण."

ताईनं लिंबू कापून आणलं. मी दुसरा कागद फाडला. तो लिंबाकडे नेत होतो तेवढ्यात पुढे उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या, "थो त आधीच निळा होऊन राहिला ना."

कागद लिंबाला टेकलाही नव्हता. हवेत, माझ्या चिमटीत, निळा.

"लिंबू पन गोड केलं मास्तरनं!" मागून कोणीतरी म्हणालं, आणि बांधावर असं हसू फुटलं की झाडावरचे पोपट उडाले. मी अंगठ्याकडे पाहिलं. नखात, रेषांत, पांढराशुभ्र चुना. पाणी कोणतंही असो, लिंबू असो की ताक, माझ्या बोटात तो कागद निळाच होणार होता.

भाऊजी हसले नाहीत. त्यांनी हँडल जमिनीवर ठेवलं. आवाज न करता ठेवलं, जसं झोपलेल्या माणसाशेजारी ठेवतात. मग ते बागेकडे तोंड करून उभे राहिले.

लोक पांगले. ताईनं मला हाताला धरून न्हाणीत नेलं आणि हात काथ्यानं असा घासला की कातडी निघते की काय. "आता खरं सांग," ती म्हणाली. "पानी कसं हाय?"

"मले मालूम नाई ताई."

"कायनं मालूम पडन?"

लाल कागदानं काही कळणार नव्हतं, हे आता, हात धुतल्यावर, आठवलं. मी अंगणात नजर फिरवली. तुळशीशेजारी ताईची जास्वंद होती, गच्च फुललेली. आणि मला आमच्याच पुस्तकातला एक प्रयोग आठवला, जो मी दर वर्षी 'घरी करून पाहा' म्हणून पुढे ढकलायचो. जास्वंदीच्या पाकळ्यांचा रस आंबटात लालभडक होतो, साध्या पाण्यात जांभळट राहतो.

"फुलं पाह्यजे."

"देवाची हायेत थे."

"देवालेच लागणार हायेत आता."

तिनं झाड रिकामं केलं. पाकळ्या पाट्यावर चुरल्या, कोमट पाण्यात पिळल्या आणि तो रस चार वाट्यांत घेतला. पहिल्या वाटीत लिंबू पिळलं. लालभडक. दुसरीत विहिरीचं पाणी घातलं. जांभळं. तिसरीत जलपर्णीच्या खड्ड्याचं पाणी ओतलं आणि तोवर बागेतून आलेले भाऊजी धरून आम्ही तिघं वाटीवर वाकलो. डोळ्यांदेखत तो रस गुलाबी झाला, आणखी चढला आणि लिंबाच्या वाटीशेजारी तिची जुळी बहीण होऊन बसला.

चौथी वाटी राहिली होती. पाणकणसाच्या खड्ड्याचं पाणी, म्हशींनी घुसळलेलं, मातकट, वास येणारं. मला ते ओतावंसंही वाटत नव्हतं. ताईनं ओतलं.

वाटी जांभळीच राहिली. विहिरीच्या वाटीहून किंचित लालसर, पण जांभळी.

"काहून?" भाऊजी म्हणाले.

मला उत्तर येत नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी ते न लपवता सांगितलं. तिघंही तडक खड्ड्याकडे गेलो. मी काठावर पालथा पडलो, हात खांद्यापर्यंत आत घातला. चिखल काळा कुळकुळीत, लोण्यासारखा मऊ. ढवळला की बुडबुडे यायचे आणि सडक्या अंड्याचा वास सुटायचा. जलपर्णीच्या खड्ड्यात तळाला नुसती स्वच्छ मुरमाड माती होती. इथे शेण होतं, तुडवलेलं पाणकणीस होतं, आणि बाजूच्या मातीत चुनखडीचे पांढरे खडे होते. ज्या खड्ड्याची मी काळजी घेतली होती तो लिंबू होऊन बसला होता आणि ज्यातून म्हशी हाकलण्यात मी महिने घालवले तो विहिरीच्या जवळ गेला होता. मला शरम वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर मला त्या काळ्या चिखलातून हात बाहेर काढवत नव्हता. हे कोण करून राहिलं होतं? झाड? शेण? चुनखडी? की चिखलात दिसत नाही असं कोणी?

दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला रजेचा अर्ज द्यायला गेलो तेव्हा शिबिरात माझ्या शेजारी बसलेले सहकारी भेटले. मी चिखलाचं सांगितलं.

"हो, सांगितलं होतं की सरांनी," ते म्हणाले. "झाडं नुसती घर बांधतात. खरं काम खाली चिखलात चालतं, सडक्या पाल्यात, शेणात. तिथले जिवाणू आम्ल खातात, असंच काहीतरी."

"कधी सांगितलं?"

"तुम्ही घोरत होता तेव्हा."

परत आलो तोवर भाऊजींनी बेत केला होता. पाणकणसाच्या खड्ड्यातलं पाणी थोडं, त्यात ते हळूहळूच सुधारणार. म्हणून निम्मं विहिरीचं, निम्मं खड्ड्याचं, एकत्र करून, ओळीओळीनं द्यायचं. खड्डा रिकामा होईल तसा नळीनं पुन्हा भरायचा आणि त्याला वेळ द्यायचा. जलपर्णीचा सगळा कुजलेला पाला त्याच खड्ड्यात लोटायचा. काट्या काढायच्या.

"अन् म्हशी?" मी विचारलं.

"थे तुझं काम," भाऊजी म्हणाले.

काकू अंगणात शेणी थापत होत्या. मी जाऊन उभा राहिलो. त्या पुढची शेणी थापत राहिल्या.

"काकू, म्हशी पाठवा ना खड्ड्यात."

"कोणाच्या म्हशी?"

"तुमच्या."

"ज्याईच्या मांगं तुमी काठी घेऊन पयत होते त्या?"

"त्याच."

"शास्त्राले दुखन ना बावा."

"शास्त्रालेच पाह्यजेत काकू. शेण पाह्यजे."

तेव्हा त्यांनी मान वर केली. "असं मास्तर, सांगतलं असतं आधी त अर्ध्या शेण्या मी थापल्याच नसत्या!" आणि मग ओरडून सुनेला सांगितलं, "सोड व म्हशी! मास्तर आले न्याले!"

सबंध रजा मी त्या खड्ड्यापाशी काढली. सकाळी जास्वंदीची वाटी. जांभळी असली की भाऊजी इंजिन लावायचे, गुलाबी झाली की थांबायचे. काही सकाळी ती गुलाबी असायची आणि ते थांबणं फार वाईट असायचं. मागच्या ओळींची पानं वळून नळीसारखी झाली होती, खाली पडू लागली होती. भाऊजी त्या ओळींकडे जातच नसत. मी म्हणालो, विहिरीचं पाणी एकीकडे द्या आणि खड्ड्याचं एकीकडे, म्हणजे कळेल तरी काय काम करते आणि काय नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा वाट्या धुवायला लागलो. माझी जिज्ञासा आणि त्यांची बाग एकाच बांधावर उभी होती, आणि कोणाला आधी पाणी मिळणार हे उघड होतं.

रजा संपली. मी पांढुर्ण्याला परतलो. मागच्या ओळींपर्यंत पाणी पोचलं होतं की नाही, हे मला माहीत नव्हतं. फेब्रुवारी लागला. बाग काढणारा माणूस त्याच महिन्यात यायचा होता. मी वर्गात शिकवायचो आणि मन खड्ड्यात. एकदा 'आम्ल' लिहायच्या जागी मी फळ्यावर 'म्हैस' लिहिलं.

एका दुपारी पाचवा तास चालू असताना दारात भाऊजी उभे. पांढरं धोतर, डोक्याला उपरणं, हातात ओल्या फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं. शाळेत ते कधी आले नव्हते. माझ्या हातातला खडू खाली पडला. मी बाहेर आलो.

"ताई बरी हाय ना?"

"बरी हाय."

"अन् तो माणूस?"

"कोण?"

"बाग काढणारा."

"हाव, आला होता." भाऊजी व्हरांड्याच्या कठड्याला टेकले. "ओसरीवर बसला. तुझ्या ताईनं चहा देल्ला. मंग म्हने, चला पाहू झाडं. नेला त बागेत. थो मधात उभा राहिला, असं नाक वर करून. म्हने, याले कोण काढते बावा, मी नाई काढत."

त्यांनी फडकं उलगडलं. आत संत्र्याची एक डहाळी होती, पानं कोवळी, आणि देठादेठाला पांढरी फुलं, काही उमललेली, काही तांदळाएवढ्या कळ्या. बसमध्ये दबून काहींच्या कडा तपकिरी झाल्या होत्या. पण वास असा, की वर्गातली पोरं माना वळवायला लागली.

"सगळ्या ओळी?" मी विचारलं.

"मागच्या दोन नाई. त्याईले पालवी आली नुसती. बाकी हाय."

मी डहाळी हातात घेतली, उलटसुलट केली. पानाच्या कडा करपल्यात का पाहिल्या. खड्ड्याचं पाणी जास्त गेलं असेल तर तिथे दिसेल, असं मला वाटत होतं. कडा साफ होत्या. पण ही डहाळी विहिरीजवळची असेल तर त्या साफ असण्याला काही अर्थ नव्हता.

"भाऊजी, हे कोणत्या ओळीचं हाय?"

"कोणत्या ओळीचं म्हणजे?"

"खड्ड्याचं पानी जास्त गेलं त्या ओळीचं, का विहिरीच्या अंगाचं?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. आत पोरांनी गोंधळ सुरू केला होता. बाजूच्या वर्गातून कोणीतरी टेबलावर डस्टर आपटला.

"मास्तर," ते म्हणाले, "तुझ्या ताईनं तोडून देल्लं. घाईघाईत तोडलं, बस निंघायच्या आधी. मी नाई विचारलं. तू वास घे न आधी."

मी वास घेतला.